पलाण्यांची थोरली पाती

वैजनाथनं मला दोन पानं लिहायला सांगितली आहेत. तिसगावात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि आमच्या पलाणे परिवाराच्या स्मरणिकेचा तो संपादक आहे. खिळेमोळे विकणारा माणूस संपादक कसा झाला हे विचारू नका, आमच्यात कोणीही काहीही होतो. मला म्हणाला, "सर, गहिनीनाथदादांचा परिचय तुम्हीच लिहा. जरा गौरवपर येऊ द्या." गौरवपर! छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मराठी शिकवली मी, आणि शेवटी गौरव कोणाचा लिहायचा, तर दहावी नापास गहिनीचा. बरं, लिहितो. पण माझ्या पद्धतीनं लिहिणार, आणि ते दोन पानांत मावणार नाही. वैजनाथनं एक ओळ जरी कापली तरी गाठ माझ्याशी आहे.

तर, गहिनीनाथ मारुती पलाणे. वय सहासष्ट, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. नात्यानं चुलत चुलत भाऊ. शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत, हा माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझ्या जुन्या वह्यांतून गणितं उतरवायचा, तरी चुकायचा. दहावीला दोनदा बसला, दोनदा आपटला. मग शिर्डीला गेला आणि मंदिरापासून दोन गल्ल्या सोडून एका लॉजवर लागला. आधी खोल्या झाडायला, मग गाद्या बदलायला, मग काउंटरवर. त्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली त्यानं. काम काय, तर येणाऱ्याचं नाव, गाव, माणसं किती, कुठून आले, कुठं जाणार, हे रजिस्टरमध्ये लिहायचं आणि किल्ली द्यायची. यात कौतुकासारखं काय आहे हे मला आजही कळलेलं नाही. पण आज आमच्यातलं शेंबडं पोरही "गहिनीदादा, गहिनीदादा" करत असतं.

आता आडनावाचं सांगतो. पलाणे हे आडनाव फार थोड्यांचं. माझ्या नोकरीत मी अकरा शाळा फिरलो, पण हजेरीपटावर दुसरा पलाणे कधी दिसला नाही. प्रत्येक नव्या मुख्याध्यापकाला दोनदा सांगावं लागायचं. कोणी पालवे म्हणायचं, कोणी पाचपुते म्हणून मोकळं व्हायचं. लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं, पलाण्यांची एकसष्ट घरं, तीही सगळी तिसगावच्या आसपास, जगात दुसरीकडे कुठं पलाणे नाहीत. मला याचा अभिमान होता. थोडे आहोत म्हणजे भारी आहोत, असा माझा हिशेब.

आमचा मूळपुरुष एक. त्याला तीन मुलगे. त्या तिघांच्या तीन पाती, थोरली, मधली आणि धाकटी. गावाबाहेर टेकाडावर आमच्या भावकीची देवी आहे. गुढीपाडव्याला तिच्यापुढं भावकी जमते आणि थोरल्या पातीतल्या सगळ्यात वडील माणसाला मानाचा फेटा बांधतात. बांधायचा कोणी, तर त्याच्या खालच्या पातीनं. फेटा बांधून झाल्याशिवाय देवीला नारळ फुटत नाही आणि पंगत बसत नाही. थोरली पाती माझ्या लहानपणीच निर्वंश झाली, असं सगळं गाव म्हणतं. तेव्हापासून मान आमच्या मधल्या पातीकडं आला. आधी माझे वडील, आणि नव्वद सालापासून मी. पस्तीस वर्षं तो फेटा माझ्या डोक्यावर होता आणि बांधणारा धाकट्या पातीचा, म्हणजे हाच गहिनी. शिर्डीहून पहाटेची गाडी धरून यायचा, फेटा बांधायचा, पाया पडायचा आणि दुपारच्या गाडीनं परत जायचा. माझ्या बायकोला, सविताला, विचारा. मी वर्षभर त्या दिवसाची वाट बघायचो. शहरात, सावेडीच्या फ्लॅटमध्ये मी तिसऱ्या मजल्यावरचे पलाणे सर, पाण्याच्या टँकरवरून सेक्रेटरीशी भांडणारा म्हातारा. पण पाडव्याला तिसगावात मी कोणीतरी होतो. एवढं एकच होतं माझ्याजवळ, ते आधीच सांगून टाकतो.

गहिनीचं हे आडनावाचं खूळ सुरू झालं चौऱ्याण्णव साली. काउंटरवर एक जोडपं आलं. नवऱ्यानं नाव सांगितलं, पलाणे. गाव, बुलढाणा जिल्ह्यातलं मेहकरकडचं. गहिनीनं पेन खाली ठेवलं. दुसऱ्या कोणी "अरे वा" म्हणून किल्ली दिली असती. यानं त्यांना आत बसवून चहा पाजला आणि विचारलं, देवक काय, कुलदैवत कोणतं, तुमचे म्हातारे कुठून आलो म्हणायचे. देवक निघालं कळंब. आमचंही कळंब. त्या दिवशी त्यानं एक लांब वही विकत आणली.

तेव्हापासून काउंटरवर कोणी पलाणे आला की त्याला चहा आणि प्रश्न. आणि या पठ्ठ्याची रीत बघा, पुरुषांना तो फारसं विचारायचाच नाही. मला एकदा म्हणाला, "दादा, गडीमानूस शेत किती ते सांगतो, नायतर आपला आजा कसा वाघ हुता ते सांगतो. कामाचं काय न्हाई सांगत. बाईमानसाला इचारावं. सासूचं माहेर कोन्तं, आजेसासूचं कोन्तं, लग्नात पहिला मान कुनाला गेल्ता, कोन रुसून बसल्तं. बायका इसरत न्हाईत." रुसवेफुगवे लिहून कुळाचा इतिहास होतो का? मी हसलो होतो. पण त्याच रुसव्यांवरून त्यानं कोणतं घर कोणत्या घरातून फुटलं हे जुळवत आणलं.

एकतीस वर्षांत चार वह्या भरल्या. एकसष्ट घरांची चारशे बारा झाली. सदतीस गावं, नऊ जिल्हे, तीन राज्यं. आष्टी-पाटोद्याकडं चाळीस घरं, जालन्यात बावीस, बुलढाण्यात तीस. सुरतेत अकरा, ती बहात्तरच्या दुष्काळात कापड गिरणीत गेलेली. बिदरकडं नऊ, ती घरात कानडी बोलतात आणि देवीची आरती मराठीत म्हणतात. आणि खाली सांगली-कोल्हापूरकडं कारखान्यांच्या आजूबाजूला विखुरलेली, ऊस तोडायला गेलेली आणि तिथंच राहिलेली. थोडे आहोत म्हणून भारी आहोत हा माझा हिशेब त्यानं एका वहीत निकालात काढला.

मला राग कशाचा आला ते ऐका. मी निवृत्त झाल्यावर एक पुस्तिका लिहिली होती, 'पलाणे कुळाचा तेजस्वी इतिहास'. सोळा पानं, रंगीत मुखपृष्ठ, त्यावर उधळलेला घोडा. पलाण म्हणजे घोड्याचं खोगीर, तेव्हा पलाणे म्हणजे घोडदळातले सरदार, असं मी त्यात सिद्ध केलं होतं. तीनशे प्रती छापल्या. त्यातल्या दोनशे साठ आमच्या दिवाणाखाली आहेत आणि सविता त्यावर उन्हाळ्यात कांदे पसरते. आणि गहिनीच्या वहीत काय सापडलं? जालन्याची एक म्हातारी सांगून गेली की पलाणे तट्टांवर बाजरीच्या गोण्या लादून तिसगावच्या बाजाराला आणायचे, आणि तट्टांच्या पाठी सोलू नयेत म्हणून चांगली पलाणं शिवायचे. बुलढाण्याची दुसरी बाई तेच बोलली, बिदरची तिसरी तेच. तिघींनी एकमेकींना जन्मात पाहिलेलं नाही. म्हणजे सरदार गेले, तट्टूवाले उरले. गहिनीनं ते मला भीत भीत सांगितलं आणि म्हणाला, "पन तुमचं बी खरं असंल दादा, दोनी लिहून ठिवतो." असल्या समजूतदारपणानं तर माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. अरे, भांड ना माझ्याशी!

मग मोबाईल आले, ग्रुप निघाला. 'पलाणे परिवार', पाचशे चाळीस माणसं. मी सकाळी सुविचार टाकायचो, त्याला चार अंगठे. गहिनी आठवड्यातून एकदा वहीच्या पानाचा वाकडा फोटो टाकायचा, त्याला दोनशे. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की आधी गहिनीला फोन, स्थळ आपल्याच कुळातलं तर नाही ना. कोणाला दाखल्यासाठी वंशावळ हवी की गहिनीला फोन. माझ्या सख्ख्या मुलानं, पुण्याहून, मला न विचारता गहिनीला फोन करून पणजोबांचं नाव विचारलं. मला विचारायला काय झालं होतं? सविता म्हणाली, "अहो, तुम्ही एका नावासाठी तासभर भाषण देता. ते बिचारे नाव सांगतात आणि फोन ठेवतात." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. जळत होतो, दुसरं काय. पोटात दुखतं म्हणतात ना, ते खरोखरच पोटात दुखतं. मी डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफी करून आलो आहे.

गेल्या वर्षी ठरलं की सगळ्या पलाण्यांचा मेळावा तिसगावात घ्यायचा. मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत घ्या, पुण्या-मुंबईची माणसं मोकळी असतात. गहिनी मान खाली घालून म्हणाला, "दिवाळीला आपली शंभरावर घरं ऊसतोडीला गेल्याली आस्तात, दादा. त्यास्नी सोडून कसा घ्यायचा? पाडव्याला घेऊ. पट्टा पडल्यावर." पट्टा पडणं म्हणजे कारखाना बंद होणं, मग टोळ्या गावी येतात. सगळ्यांनी हात वर केले, पाडवा ठरला. माझ्या बाजूनं माझा एकच हात. वर असं ठरलं की फेटा यंदा टेकाडावर न बांधता मेळाव्याच्या मंडपात, सगळ्यांसमोर बांधायचा. यावर मात्र मी खूश झालो. चारशे बारा घरांसमोर फेटा! गहिनीच्या वह्या काहीही सांगोत, डोकं माझं होतं.

मेळाव्याच्या आठ दिवस आधी मी त्याच्या घरी गेलो. निवृत्त होऊन तो तिसगावातच पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतो. चौथी वही चाळत होतो तर मधलं एक पान दुमडून त्याच्या कडांना स्टेपलरच्या पिना मारलेल्या. मी म्हटलं, "हे काय रे?" तर हा चक्क गडबडला. माझ्या हातातून वही घेतली आणि म्हणाला, "कच्चं हाय दादा ते. ऱ्हाऊ द्या." उभ्या जन्मात गहिनीनं माझ्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं. मला जो आनंद झाला तो काय सांगू! सापडला चोर! धाकट्या पातीत घरजावई बसल्याची कुजबुज मी पूर्वी ऐकली होती. याचा आजा मुळात पलाणे नव्हताच, बायकोच्या माहेरी राहिला आणि तिचं आडनाव लावलं. बहुतेक तेच त्या पानावर होतं. पलाण्यांचा इतिहास लिहिणारा स्वतःच पलाणे नाही! सावेडीपर्यंत येताना एसटीत मी एकटाच हसत होतो. सविताला सांगितलं तर ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते. त्यांची असो नाहीतर आपली." मी लक्ष दिलं नाही.

पाडव्याला शाळेच्या मैदानात मंडप होता. हजारभर माणूस. सुरतेचे टोपीवाले, बिदरचे पांढऱ्या लुंगीतले, कारखान्याकडून टेम्पो भरभरून आलेली माणसं. पुढं एक मोठा फ्लेक्स, त्यावर नकाशा आणि सदतीस लाल ठिपके. लोक आपापल्या ठिपक्यावर बोट ठेवून फोटो काढत होते. बायका गहिनीभोवती. कोणी त्याला माहेरचं विचारतंय, कोणी डब्यातली करंजी भरवतंय. तो घामाघूम, पांढरा सदरा पाठीला चिकटलेला, आणि प्रत्येकीला नावानं ओळखत होता. आजेसासूसकट! मी स्टेजवर खुर्चीत बसलेलो. समोर ताटात फेट्याचं नऊवार केशरी कापड घडी घालून ठेवलेलं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

मला बोलायला दिलं. मी घोडदळापासून सुरुवात केली. दहा मिनिटांत मागची माणसं पाणी प्यायला उठली. तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, "सर, आता गहिनीदादांना बोलू द्या!" टाळ्या. हजार माणसांच्या टाळ्या. माझं डोकं फिरलं. मी माईकवरून म्हणालो, "बोलू द्या ना! गहिनीनाथला वर बोलवा, आणि येताना चौथी वही आणायला सांगा. त्यात एक पान पिना मारून बंद केलंय. कुळाच्या वहीत लपवाछपवी कशाला? काय आहे त्यात, ते भावकीला कळू द्या!"

हजार माना गहिनीकडं वळल्या. गहिनी वही छातीशी धरून वर आला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, पाया पडतो. ते पान ऱ्हाऊ द्या." मी वही हिसकावली. चारचौघांसमोर, हो, हिसकावली. पिना उपसल्या, एक अंगठ्यात घुसली. आणि मोठ्या आवाजात, वर्गात धडा वाचावा तसा, वाचायला लागलो. "भाटाच्या वहीवरून उतारा. तिसगाव. थोरली पाती."

इथं भाटाचं सांगायला हवं. पूर्वी दर काही वर्षांनी आमच्याकडे भाट यायचा, कुळाची वही घेऊन. माघात यायचा, कारण तेव्हा घरात दाणा असतो. पारावर बसायचा, जुनी नावं वाचून दाखवायचा आणि नवी लिहून घ्यायचा. त्याच्या वहीत नाव आलं की तुम्ही आहात, नाही आलं की नाही. त्या भाटाचा नातू सात वर्षांपूर्वी शिर्डीला उतरला होता आणि गहिनीनं त्याची वही बसून उतरवून घेतली होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त पुढची ओळ दिसली.

"घराला कुलूप. निरवंस. माघ, एकोणीसशे त्र्याहत्तर. सांगणार आबासाहेब, बापूचा मुलगा, उमर सोळा."

माझ्या तोंडून "घराला कुलूप" एवढंच निघालं. पुढचं मी मनातच वाचलं. आबासाहेब म्हणजे मी. आणि खाली गहिनीच्या कोंबड्याच्या पायांसारख्या अक्षरात होतं, "वरील नोंद चूक. सहादेव पलाणे, थोरली पाती, हयात. मुलगे दोन, नातवंडं सात. सांगली जिल्हा, कारखान्याच्या शेतावर. सून रंगुबाई शिर्डीला आली तेव्हा सांगून गेली." तारीख सहा वर्षांपूर्वीची. सहा वर्षं! हे ठाऊक असून सहा पाडवे या माणसानं माझ्या डोक्याला फेटा बांधला होता आणि वाकून पाया पडला होता.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय म्हणणार? गहिनीनं माझा चेहरा बघितला, हळूच वही काढून घेतली आणि माईकवर म्हणाला, "दादांचा चष्मा ऱ्हायलाय वाटतं गाडीत. बारीक अक्षर हाय माजं. नंतर वाचू. फेटा बांधून घेऊ आदी, पंगती खोळंबल्यात." लोक हसले. माणसं सैलावली. चष्मा माझ्या नाकावरच होता. गहिनीनं ताटातला फेटा उचलला, एक टोक दातांत धरलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. सगळं मिटलं होतं. मी फक्त मान खाली घालायची होती.

इथं लोक म्हणतात की माझा सदसद्विवेक जागा झाला. वैजनाथ तर परवा म्हणाला, "सर, काय तो क्षण!" खोटं आहे. विवेकबिवेक काही नव्हतं. मला त्या क्षणी एवढंच कळलं की हा माणूस हजार लोकांसमोर मला वाचवतोय. माझी अब्रू माझ्याच डोक्यावर बांधून देतोय, आणि ते कोणाला कळणारही नाही. म्हणजे इथंही तोच मोठा! आता जन्मभर याचे उपकार डोक्यावर घेऊन हिंडू? मेलो तरी नाही. जळफळाटानं मी ती वही त्याच्या काखेतून ओढली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली. माझं नाव वाचलं, माझी उमर वाचली. "सहादेव पलाणे हयात" हे तर ओरडून वाचलं. मग म्हणालो, "हा फेटा माझा नाही. सहादेव आला असेल तर त्याला वर आणा."

तो आला होता. मंडपाच्या टोकाला, चपलांच्या ढिगाजवळ, नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. ऐंशीचा म्हातारा, कोयता धरून धरून बोटं वाकडी झालेली. दोघांनी धरून वर आणला. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बापूचा आबा न्हवं तू? लई म्हातारा झालास की रं." मला रडू आलं, पण ते मी आवरलं.

रिवाजाप्रमाणे आता मधल्या पातीनं थोरल्या पातीला फेटा बांधायचा. म्हणजे मी. कापड हातात घेतलं आणि लक्षात आलं, मला फेटा बांधता येत नाही. पस्तीस वर्षं नुसता बांधून घेतला. एक वेढा दिला, तो घसरला. दुसरा कानावर आला. पुढची पोरं खिदळायला लागली. गहिनीनं शेजारून हात पुढं केला, तेवढा पेच धरायला. मी म्हणालो, "हात काढ. मी बांधतो." घामानं डोळे चुरचुरत होते. शेवटी काहीतरी गुंडाळलं गेलं, एका बाजूला कललेलं, तुरा पार भुवईवर. वैजनाथ नीट करायला धावला तर सहादेव म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बसलाय." नारळ फुटला, पंगती बसल्या. तो कललेला फेटा त्यानं संध्याकाळी टेम्पोत बसेपर्यंत काढला नाही.

मांडव उतरवत असताना मी गहिनीला गाठलं. म्हटलं, "सहा वर्षं का नाही बोललास? मला तोंडघशी पाडायचं होतं?" तो दोऱ्या गुंडाळत होता. म्हणाला, "न्हाई दादा. मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय. कदीतरी तुमीच सांगताल, म्हनून थांबलो."

मी म्हणालो, "सोळा वर्षांचा होतो रे. विसरून गेलो होतो."

"व्हय," म्हणाला, आणि पुढची दोरी सोडायला लागला.

आता ग्रुपवर माझाच उदो उदो आहे. कललेल्या फेट्याच्या फोटोला साडेचारशे अंगठे. 'लहानपणीची अजाण चूक भर सभेत कबूल करणारे आबासाहेब सर.' 'याला म्हणतात मन मोठं.' गहिनीच्या वहीचं कोणी नावही काढत नाही. आयुष्यभर जे मिळावं म्हणून तडफडलो ते सगळं एका दिवसात मिळालं, आणि गहिनी त्या फोटोखाली रोज एक अंगठा देतो, दुसरं काही लिहीत नाही. त्याच्या त्या अंगठ्याचाही मला मत्सर वाटतो. तो इतका शांत कसा झोपत असेल याचा वाटतो. म्हणून वैजनाथनं परिचय मागितला तेव्हा मी हो म्हणालो. गहिनीचा परिचय एका ओळीचा आहे, त्याला खरं ठाऊक होतं आणि तो गप्प राहिला. बाकीचा परिचय माझा आहे, आणि तो मलाच पुरा करावा लागेल.

मी विसरलो नव्हतो. भाटानं पारावर विचारलं, "थोरल्या घरी कोण?" मी म्हणालो, "कोणी नाही, कुलूप आहे." खोटं नव्हतंच ते. त्यानं लिहिलं, "निरवंस." वडिलांचा हात माझ्या पाठीवर होता आणि पोरगा शिकलेला आहे म्हणून भाटानं वही मलाच वाचायला दिली होती. मी तो शब्द वाचला. मला वाचता येत होतं, अर्थ कळत होता. त्या घरची माणसं दिवाळीनंतर दोन बैलगाड्या भरून उसाला गेलेली मी पाहिली होती. सहादेव मागच्या गाडीत बसला होता, आणि वेशीपाशी मला बघून त्यानं हात केला होता.